पापडाच्या घरात कुत्रं

पापडाच्या घरात कुत्रं पाळत नाहीत. हा नियम कुणी भिंतीवर लिहून ठेवलेला नव्हता, पण आमच्या पेणच्या आळीत तो सगळ्यांना ठाऊक होता आणि माझ्या आईच्या तर अंगातच भिनला होता. ज्या घरातून लोकांच्या ताटात जाणारा जिन्नस बाहेर पडतो, त्या घराच्या अंगणात केस गाळणारं जनावर हिंडायला लागलं की गिऱ्हाईक तोंडावर काही बोलत नाही, गपचूप दुसरं दार धरतं. आईच्या उडदाच्या पापडाला पेणमध्ये नाव होतं आणि ते तिनं स्वतःच्या मनगटावर कमावलं होतं. "पापड मोडला तर तुकडे तळून खाता येतात, नाव मोडलं तर काय तळशील?" असं ती आम्हाला ऐकवायची. आणि मला कुत्रं हवं होतं. आई हट्टी होती, मी तिचीच मुलगी होते, तेव्हा त्या वर्षी आमच्या घरात काय चाललं असेल ते तुम्हीच ओळखा.

हे सगळं आत्ता वर यायचं कारण म्हणजे आमच्या आत्ताच्या घरात या रविवारी पिल्लू येणार आहे. नातीनं, सईनं, बापाकडून ते कबूल करून घेतलंय. बाप डोलवीला कंपनीत शिफ्ट करतो, घरी आला की झोपतो, त्यामुळे झोपेत असताना त्याच्याकडून काहीही कबूल करून घेता येतं. गेला आठवडाभर घरी खोक्यांवर खोकी येताहेत. पिल्लाची गादी, पिल्लाची वाडगी, चावायला रबराचं हाड, शू करायला कापसाचे रुमाल. जिन्याला जाळीचं दार बसलं, विजेच्या वायरी वर बांधल्या, माझ्या चपला कपाटात गेल्या. सूनबाई मानसी हे सगळं कमरेवर हात ठेवून बघते आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणते, "आणा बापडे. मी त्याचं काही करणार नाही, आधीच सांगून ठेवते." हे वाक्य मी फार वर्षांपूर्वी एकदा ऐकलंय. म्हणून मी हसते आणि गप्प बसते. गप्प बसणं मला एरवी जमत नाही, हे माझ्या घरचे सांगतील.

तर पेणचं घर. थंडी सरली की आमचं घर पापडाचं व्हायचं ते थेट पावसाच्या तोंडापर्यंत. गिरणीतून उडदाचं पीठ दळून आलं की घराला हिंग-मिरीचा वास लागायचा, तो आमच्या दप्तरांनाही यायचा आणि शाळेत मुली मला त्यावरून चिडवायच्या. आई पापडखाराचं पाणी उकळून गार करायची आणि पीठ इतकं घट्ट मळायची की बघणाऱ्याचे हात दुखावेत. मग अनुसयाकाकी ते कुटायला घ्यायची. ही अनुसयाकाकी पलीकडच्या वाडीवरून यायची, अंगानं काडी, पण मुसळ हातात घेतलं की धप्प, धप्प, सगळी आळी जागी. कुटलेल्या पिठाचा लांब वळा करायचा, दोऱ्यानं त्याचे तुकडे पाडायचे, की झाल्या लाट्या. कच्ची लाटी गोडेतेलात बुडवून खाण्यासारखं सुख नाही. पापड तळून खातात, भाजून खातात, पण पापडाच्या घरातली माणसं तो लाटायच्या आधीच खातात. आमच्याकडे एक रीत होती. दिवसाची पहिली लाटी आई तेलाचं बोट लावून चुलीपुढे ठेवायची, घटकाभरानं ती उचलून मला द्यायची. ती लाटी माझी. त्यात कुणाचा वाटा नाही.

बायका आपापलं लाटणं पदरात गुंडाळून यायच्या. दुसऱ्याच्या लाटण्यानं त्यांचा हात चालत नसे. सगळ्यात बोलकी बेबीवहिनी, आमच्या शेजारची, नवीन लग्न झालेली, तिची जीभ लाटण्याच्या पुढे पळायची. लाटणी सुरू झाली की आत तो एकसारखा खडखडाट, मधून कुणाच्या तरी सासूची उणीदुणी, मधून हसणं. आणि बाहेर अंगणात मी. लाटलेले पापड जुन्या पातळांवर पसरलेले असायचे आणि मी त्यांची राखण करायची. हातात काठी, डोक्यावर बाबांची फाटकी छत्री, एक डोळा कावळ्यांवर, एक शेजारच्या कोंबड्यांवर. मे महिन्यात आळीतली सगळी पोरं मामाच्या गावाला जायची. मी जायची नाही, कारण पापड मामाच्या गावाला जात नसत. आत बायकांची एवढी वर्दळ, पण अंगणात मी एकटी. कावळ्यांशी किती बोलणार? मला कुत्रं हवं होतं ते यासाठी. दुसरं काही मोठं कारण नव्हतं आणि मला हे कारण लहान वाटत नाही.

संधी चालून आली ती आईच्याच एका फजितीतून. एका दुपारी गावातलं भटकं कुत्रं कुंपण ओलांडून सरळ पापडांवरून चालत गेलं. मी काठी घेऊन धावले, ते घाबरून परत पापडांवरूनच उलटं पळालं. आईनं तो सगळा घाणा उचलून म्हशीला घातला. त्याच सुमाराला माझी आत्या निडीहून आली होती. तिच्या दारातल्या कुत्रीला पिल्लं झाली होती आणि ती खपवायला तिला घरं हवी होती. आत्या म्हणजे वकिलाच्या वरताण. तिनं चहा फुर्रकन ओढला आणि म्हणाली, "वयनी, कावल्याला काठी चालते. कुत्र्याला कुत्राच लागतो. घरचा असला ना दारात, तर गावचा एक पन आत पाय नाय टाकाचा." बाबा मान हलवायला लागले. बाबा रोह्याला कंपनीत होते, घरात त्यांचं मत कुणी विचारत नसे, पण मान हलवायची त्यांना मुभा होती.

आई बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग तिनं तांदळातून डोळे न काढता अटी घातल्या. पापडाला त्याचा पाय लागता कामा नये. एका पापडाला जरी लागला, तरी ते आलं तसं निडीला परत जाईल, मग कुणी रडायचं नाही. लाटणाऱ्या एकाही बाईनं त्याला शिवायचं नाही. त्याचं खाणंपिणं, हगणंमुतणं सगळं मंगीनं बघायचं, आणि मंगीनं त्याला हात लावला की कोपरापर्यंत साबणानं धुवायचं. "आन्‌ मी त्याचं काय करनार नाय," आई म्हणाली, "आधीच सांगून ठेवतंय." मंगी म्हणजे मी, मंगल. मी सगळ्याला हो म्हटलं. त्या क्षणी तिनं मला विहिरीत उडी मारायला सांगितली असती तरी मी आधी हो म्हटलं असतं आणि मग खोली विचारली असती.

आणि मग आम्ही घर तयार केलं. सई माझ्यासमोर जाळीचं दार बसवत होती तेव्हा मला ती तयारी जशीच्या तशी दिसली. बाबांनी बांबूच्या कामट्या फोडून अंगणाला नवं कूड घातलं, खालची फट दगड-मातीनं लिंपून बंद केली. पातळं जमिनीवर पसरायची बंद केली. घरातल्या आणि शेजारच्या सगळ्या बाजा अंगणात आणून विटांवर चढवल्या आणि पापड त्यांच्यावर गेले, हवेत. आई म्हणाली, कुत्रं वाढलं की उडी मारेल, तर बाबांनी अजून विटा आणल्या. शेवटी बाजा इतक्या उंच झाल्या की पापड उलटायला मला पाटावर उभं राहावं लागे. हौदावर फळ्या टाकल्या. लाटायच्या खोलीच्या दाराला गुडघ्याइतकी आडवी फळी ठोकली. बायका लुगडी सावरत ती ओलांडायच्या आणि बेबीवहिनी रोज म्हणायची, "एका कुत्र्यापायी आमाला शेल्यांगत उड्या माराला लावलंत." पडवीच्या कोपऱ्यात गोणपाटाची घडी, तिच्यावर माझा जुना परकर, शेजारी जर्मनचं कान मोडलेलं ताट. दाराशी बादली, तांब्या आणि साबणाची वडी. पापडखाराचा डबा माळ्यावर गेला. आणि सगळ्यात शेवटी बाबांनी बैलाच्या जुन्या माळेतलं एक घुंगरू सोडवून दोऱ्यात ओवलं. ते पिल्लाच्या गळ्यात बांधायचं, म्हणजे ते कुठं आहे हे घरात कुणालाही बसल्या जागी कळेल. हे घुंगरू आईच्या डोक्यातून निघालेलं होतं. असं नामी काही असलं की ते तिच्याच डोक्यातून निघे.

आता मागे बघते तेव्हा कळतं की आमच्या तयारीत काही म्हणजे काही कमी नव्हतं. फक्त ती सगळी तयारी पापडाला कुत्र्यापासून वाचवायची होती.

पिल्लू आलं ते गाडीतून. बाबा रोह्याहून संध्याकाळच्या गाडीनं परत यायचे आणि निडीला गाडी जेमतेम टेकते न टेकते अशी थांबते. आत्या फलाटावर टोपली घेऊन उभी राहिली, बाबा दारात, आणि तिनं टोपली वर दिली तेव्हा गाडी सुटलीसुद्धा होती. बाबांनी घरी येऊन टोपली अंगणात ठेवली, वरचं फडकं काढलं. पांढरंशुभ्र पिल्लू आणि अंगभर काळे बारीक ठिपके. अनुसयाकाकी घरी जायला निघाली होती, ती वाकून बघते तर काय, म्हणाली, "अगो बाय, हा तर मिरीचा पापडच." म्हणून तो मिऱ्या. आईनं लांबूनच बघितलं, म्हणाली, "केस गळतील याचे," आणि आत गेली. रात्री तो रडला तेव्हा मीच उठले, मीच थोपटलं आणि मीच हात धुतले. शब्द म्हणजे शब्द.

मिऱ्यासारखं शहाणं कुत्रं मी नंतर पाहिलं नाही. त्याला बाजांचं काही पडलंच नव्हतं. तो माझ्या छत्रीखाली येऊन बसायचा आणि कावळा आला की पिटुकल्या आवाजात भुंकायचा. कावळे त्याला हसत असतील, पण उडत होते. घुंगरू दिवसभर वाजत असायचं, पडवीत, हौदापाशी, लाटायच्या खोलीच्या फळीपाशी. फळीपाशी ते जरा जास्त वेळ वाजायचं. मी त्याला हाक मारून परत आणायची. मला वाटायचं, त्याला लाटण्यांचा आवाज आवडतो. माझ्यासारखी चतुर मुलगी, आणि मला एवढंच वाटलं.

दोन गोष्टी मला कळायला हव्या होत्या. एक म्हणजे साबण. दारातली वडी बघता बघता पातळ व्हायची. आई माझ्यावर ओरडायची, "किती फासतंस गो, खातंस काय साबन?" मी म्हणायची, मी एवढा वापरलेला नाही. त्यावर ती गप्प व्हायची आणि नवी वडी काढून ठेवायची. आई वाद अर्धवट सोडते हेच मुळात संशय घेण्यासारखं होतं. दुसरी गोष्ट लाटीची. पिल्लू आल्यावर थोड्याच दिवसांत माझी पहिली लाटी बंद झाली. मी चुलीपाशी जाऊन हात पुढे केला तर आई म्हणाली, "कावल्याला घातली. आता मोठी झालीस, रोज काय लाटी." मला रागही आला आणि मोठी झाले म्हणून बरंही वाटलं. कावळ्यांना मी दिवसभर हाकलते आणि आई त्यांना लाट्या घालते, हे काही जुळत नव्हतं. पण मी विचारलं नाही. सीझन पार पडेपर्यंत आईशी कुठल्याच विषयावर तोंड वाजवायचं नाही असं मी ठरवलं होतं.

सीझन संपत आला. आभाळात ढगांचे पुंजके दिसायला लागले आणि बायका घाईला आल्या. शेवटची मोठी ऑर्डर होती ती वकीलकाकूंची. या काकू म्हणजे गावातल्या मोठ्या वकिलांच्या पत्नी. मुलीचं लग्न ठरलेलं, व्याह्यांकडे पाठवायचे पापड त्यांनी आमच्याकडे सांगितले होते. काकूंची नजर अशी, की पापडात केस नसला तरी त्या तो शोधत राहत. आमच्याकडे कुत्रं आल्याचं त्यांच्या कानावर गेलं होतंच. आईनं त्यांना अंगणात उभं करून कूड दाखवलं, उंच बाजा दाखवल्या, फळी दाखवली आणि सांगितलं, "माझ्या एका पन बाईचा हात त्याला लागत नाय. माझा तर नायच." काकू म्हणाल्या, "तुझ्या शब्दावर देते हो ऑर्डर." शब्द हा शब्द त्यांनी जरा दाबून उच्चारला.

पापड न्यायला त्या आल्या त्या दिवशी सकाळची गोष्ट. पापडांच्या चवडी बांधून पडवीत ठेवलेल्या, काकू पाटावर बसून एकेक चवड उघडून बघताहेत, आत उरलेल्या पिठाची लाटणी चाललेली. मी छत्रीखाली. आणि मला जाणवलं की काहीतरी ऐकू येत नाहीये. मुसळ थांबलं होतं, ते नव्हे. घुंगरू. मी हाक मारली, "मिऱ्या." कुडापाशी बघितलं, बाजांखाली बघितलं. तो हौदाच्या मागे ओल्यात पडला होता. पोट टम्म फुगलेलं, तोंडाला फेस, श्वास तोकडा तोकडा. मी त्याला उचललं तर तो विव्हळला. तसाच छातीशी धरून मी पडवीत आले. मला रडू येत होतं, पण मी रडले नाही, मी ओरडले. बेबीवहिनी हातातलं लाटणं टाकून फळीवरून उडी मारून पळाली आणि पलीकडच्या गल्लीतून गुरांच्या डॉक्टरांना घेऊन आली.

डॉक्टर बैलांचे, म्हशींचे. कुत्र्याच्या पिल्लाला त्यांनी हात लावला तो नाइलाजानं, पण लावला. पोट दाबून बघितलं, डोळ्यांच्या पापण्या ओढून बघितल्या. मग मला विचारलं, "काय खाल्लं याने?"

"दूध-भाकरी. मीच देते."

"आणखी?"

"आणखी काही नाही. कुणी त्याला शिवत पण नाही."

डॉक्टर आईकडे वळले. "हे बघा बाई, गावात कुत्र्यांना विष घालतात. विष पोटात गेलं असेल तर मी त्याला आत्ता ओकायला लावतो. पण नुसतं पोट फुगलं असेल आणि मी ओकायला लावलं, तर एवढासा जीव त्यातच जाईल. दोनातलं काय ते मला कळलं पाहिजे. आणि वेळ नाही."

बायका आतून फळीपाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. कुणी कुणाकडे बघेना. काकूंच्या मांडीवर पापडांची चवड तशीच उघडी. मिऱ्या माझ्या हातात धापा टाकत होता आणि मी देवाला काय काय कबूल करत होते ते मलाच माहीत. मला वाटलं, विषच असणार. आमच्या घरात त्याला कोण काय देणार?

आईनं हात पदराला पुसले. पिठाचे हात ती कधी पदराला पुसत नसे. मग ती पुढे आली आणि वकीलकाकूंकडे पाठ न करता, अगदी त्यांच्या समोर उभी राहून म्हणाली, "विष नाय. लाटी खाल्लीय. उडदाची, कच्ची. मी दिली."

"एक?" डॉक्टरांनी विचारलं.

"रोजची पयली. आज पन दिली."

माझी लाटी. मग फळीपाशी अनुसयाकाकीनं डोकं खाली घातलं आणि म्हणाली, "मी पन दिली डाक्टर. कुटताना त्यो असा बगतो ना… आज दोन दिल्या." आणि मग बेबीवहिनी. मग तिच्या मागची. मग तिच्याही मागची. एकेक करत सगळ्या. कुणी म्हणालं तुटकी होती म्हणून दिली, कुणी म्हणालं हातातून पडली ती दिली. प्रत्येकीला वाटत होतं की आपण एकटीच देतोय, एकच तर देतोय, एका लाटीनं काय होतंय. एकीनं दुसरीला कळू दिलं नव्हतं आणि आईला तर नाहीच. आणि आईनं त्यांना. सगळ्या आपापली चोरी लपवायला गुपचूप बाहेर येऊन कोपरापर्यंत हात धुऊन जात होत्या. साबण कुठं जात होता ते मला तेव्हा कळलं.

डॉक्टर इतक्या घाईतही हसले. म्हणाले, "कुत्र्यानं पापड खाल्ला नाही असं मग अभिमानानं सांगा लोकांना. त्यानं घाणाच खाल्लाय." त्यांनी पिशवीतून कसलंसं औषध काढून त्याच्या घशात थेंब थेंब सोडलं, मला पोटावर खालच्या दिशेनं तेल चोळायला सांगितलं आणि थोड्या थोड्या वेळानं उभं करून चालवायला सांगितलं. "पाणी सोडून काही द्यायचं नाही. कुणीच." हे 'कुणीच' त्यांनी फळीपाशी उभ्या असलेल्या रांगेकडे बघून म्हटलं.

वकीलकाकू उठल्या. त्यांनी मांडीवरची चवड नीट बांधून खाली ठेवली. "म्हणजे तू मला सांगितलंस ते…"

"ते खोटं झालं," आई म्हणाली. तिचा आवाज जराही पडला नाही. "हात सगल्यांनी धुतले, ती साबनाची वडी हाय, बघा. पापडाला त्याचा पाय नाय लागला, केस नाय लागला. पन हात लावला नाय म्हटलं होतं, तो लावलाय. न्याचे तर न्या. नको असतील तर माझी काय जबरदस्ती नाय."

काकू छत्री उघडून निघून गेल्या. लग्नाच्या घरचे पापड आमच्या पडवीत राहिले. पुढच्या वर्षीही त्या आल्या नाहीत, आणि त्यांच्या ओळखीच्या एकदोघीही गळाल्या. आईनं त्याबद्दल कधी हळहळ केली नाही. बाबा संध्याकाळी आले, चवडी बघून त्यांनी विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "उरलेत." तो सबंध पावसाळा आम्ही व्याह्यांसाठी निवडलेले पापड खाल्ले. तसले पापड आमच्या वाट्याला एरवी कधी येत नसत, आमच्या वाट्याला फाटके यायचे.

मी ही गोष्ट परवा सईला सांगितली. ती पिल्लाच्या गादीला खोळ घालत होती. तिनं विचारलं, "मग आजी, आपल्या तयारीत काय राहिलं?" मी म्हटलं, जाळ्या झाल्या, वायरी झाल्या, ते सगळं छान झालं. आता घरातल्या माणसांना एकत्र बसव आणि सांग, ज्यानं जे दिलं ते त्यानं बोलून दाखवायचं. आणि जी सगळ्यात जास्त नको नको म्हणते ना, तिच्या हाताकडे जरा लक्ष ठेव. मानसी तेव्हा फ्रीजपाशी होती. संध्याकाळी मी दूध काढायला फ्रीज उघडला तर आत एका छोट्या वाटीत उकडलेल्या कोंबडीचे बारीक तुकडे झाकून ठेवलेले. पिल्लू यायला अजून अवकाश आहे, म्हणून सराव करत असेल. मी विचारलं तर म्हणाली, "उरलंय ते." मी फ्रीज लावून टाकला.

पण टोपलीचं सांगायचं राहिलं. मिऱ्या दुपार कलल्यावर उठून उभा राहिला, लडबडत चार पावलं टाकली, आणि मग जे व्हायला हवं होतं ते सगळं अंगणात झालं. मी ते हसत हसत धुतलं. मग माझ्या लक्षात आलं की वाचला खरा, पण राहायचा नाही. पापडाला पाय लागला नसेल, पण त्याच्यापायी एवढी मोठी ऑर्डर गेली, आईचा शब्द गेला, तोसुद्धा चारचौघींसमोर. आईनं आता त्याला घरात ठेवायचं काही कारण नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी सकाळी माळ्यावरून ती निडीची टोपली काढली, झटकली, तिच्यात माझा परकर घातला आणि पडवीत आणून ठेवली. तिनं सांगायच्या आधी आपणच करावं, म्हणजे रडू आवरतं. मिऱ्या टोपली हुंगत होता, घुंगरू वाजत होतं.

आई मळायला बसली होती. तिनं पहिली लाटी केली, तेलाचं बोट लावलं, चुलीपुढे ठेवली. घटकाभरानं उचलली आणि फळीवरून हात बाहेर काढून माझ्यापुढे धरली. मिऱ्या शेपूट हलवत पुढे आला तशी त्याला म्हणाली, "तुला नाय. तुला आता जन्मात नाय." मग तिची नजर टोपलीवर गेली. तिनं टोपलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"ती मोकली कर आन्‌ आत दे," ती म्हणाली. "पावसाचे कांदे ठेवाचे हायत."

मी परकर काढून पुन्हा गोणपाटावर घातला आणि टोपली आत दिली.